पहिली कथा: वहीपासून टपालापर्यंत

सुगी आटोपली की बेळगावच्या आसपासच्या गावांत साहित्य संमेलनांचे मांडव पडतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी कथाकथन, मग कविसंमेलन. या निमित्तानं नव्यानं लिहू लागलेली मुलं-मुली आपल्या कथा वाचायला देतात आणि मी त्या मनापासून वाचतो. बऱ्याच कथांची सुरुवात सारखी असते. पहिल्या परिच्छेदात १९५६ सालची राज्य पुनर्रचना, दुसऱ्यात अन्याय, तिसऱ्यात नायकाचं भाषण. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असते, या मातीत वाढलेल्या कुणालाच ती परकी नाही. पण वाचून संपल्यावर नायकाचं नावसुद्धा आठवत नाही. तो काय जेवतो, कुणाला भितो, रात्री त्याला झोप का लागत नाही, यातलं काहीच कागदावर आलेलं नसतं.

माझं सांगणं एवढंच की सीमाभाग कथेत आणायचा तर तो एखाद्या माणसाच्या आजच्या नडीतून येऊ द्या. नड छोटी असली तरी चालेल. आपल्याकडे एकाच माणसाच्या दिवसात तीन-चार भाषा येऊन जातात, आणि तो भाषा कुठं बदलतो तिथं त्याचं मन उघडं पडतं. हे हाताशी असलेलं धन वापरायचं कसं, ते एकच कथा उदाहरणाला घेऊन पायरीपायरीनं सांगतो.

पहिली पायरी: पंधरा दिवस फक्त ऐका

कथा लगेच लिहायला घेऊ नका. खिशात मावेल अशी वही घ्या आणि पंधरा दिवस कानावर पडलेलं लिहा. त्यात स्वतःचं मत नको, वर्णनही नको. कोण, कुणाला, कुठल्या भाषेत, काय म्हणालं, एवढंच.

जागा निवडून जा. रविवार पेठेत सकाळी माल उतरत असतो तेव्हा तासभर थांबा. दुकानदार गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो, हमालाशी कानडीत, टेम्पोवाल्याशी हिंदीत, आणि घरून फोन आला की कोकणीत शिरतो. नोटा मोजताना त्याचे ओठ कुठल्या भाषेत हलतात ते बघा. माणूस सहसा लहानपणीच्या भाषेत मोजतो. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मध्यवर्ती बसस्टँडवर, बस शोधणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे बघा. कानडी पाटी वाचता येत नाही तेव्हा ती कंडक्टरला विचारतात, की शेजारी उभ्या कॉलेजच्या पोराला, की कुणालाच न विचारता ओळखीचे चेहरे चढताना बघून चढतात? शहापूर-वडगावात माग चालू असताना माणसं ओरडून बोलतात, त्यामुळे वाक्यं तुटक होतात, आणि मनातलं काही सांगायचं तर उठून बाहेर कट्ट्यावर यावं लागतं. अशी एक नोंद पुढं अख्खा प्रसंग देऊन जाते.

भांडताना, देवापुढं हात जोडताना, गुरांना हाकताना, तान्ह्या पोराला खेळवताना कुठली भाषा तोंडात येते, याच्या नोंदी वेगळ्या ठेवा. त्या फार मोलाच्या असतात. मोबाईलवर कुणाचं बोलणं चोरून रेकॉर्ड मात्र करू नका. ते त्या माणसाच्या विश्वासाला धरून नाही, शिवाय यंत्र ऐकतंय म्हटलं की आपण ऐकायचं सोडून देतो.

याच पंधरा दिवसांत वाचन चालू ठेवा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे. इतकं जुनं ग्रंथालय गावात असून तिथं न जाणं हे नव्या लेखकाचं मोठं नुकसान आहे. आवडलेली एक कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा सुखानं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन: कथा नेमकी कुठल्या वाक्यात सुरू झाली, पहिलं माणूस किती ओळींनंतर बोललं, शेवटच्या पानावर लेखकानं काय सांगायचं टाळलं. कानडी कथाही वाचा, मूळ जमत नसेल तर अनुवाद वाचा. घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे धारवाडात बसून कानडी कविता लिहीत होते, १९७३ चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला. त्याच धारवाडात इंग्रजी शिकवत जी. ए. कुलकर्णी मराठी कथा लिहीत होते. दोन भाषांचे कान असणं ही आपल्या भागाची जुनी कमाई आहे.

दुसरी पायरी: बी ओळखा

‘भाषिक अन्याय’ हा विषय झाला. ‘स्त्रीचं दुःख’ हाही विषयच. विषयातून निबंध उगवतो. कथेचं बी म्हणजे एक माणूस, त्याच्या हातातली एक वस्तू आणि त्याच्या वाटेतला एक अडथळा.

आपल्या उदाहरणाचं बी असं. येळ्ळूरच्या पारूआक्का सत्तरीच्या आहेत, मराठी चौथी शिकलेल्या. नवरा वारलाय. मुलगा गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात आहे, महिन्यातून एकदा घरी येतो. घरात सून महादेवी. ती बैलहोंगलकडची, कानडी शाळेत शिकलेली. सासू-सुनेचा आठ महिने अबोला आहे. एके दिवशी एक सरकारी नोटीस येते, सगळी कानडीत. आकडे मात्र इंग्रजी आहेत, आणि बसचे नंबर वाचून वाचून आक्कांना ते येतात. त्यामुळे त्या कागदातलं त्यांना दोनच गोष्टी कळतात: आपल्या शेताचा सर्वे नंबर, आणि येत्या मंगळवारची तारीख.

आता बियाला तीन प्रश्न विचारा. या माणसाला आज काय हवंय? कागदात काय लिहिलंय ते कळायला हवंय. मध्ये कोण आहे? कागद वाचू शकणारं घरातलं एकच माणूस, आणि आक्का त्याच्याशी बोलत नाहीत. हवं ते मिळवताना हातचं काय जाईल? आठ महिने सांभाळलेला अबोला, आणि त्याच्याबरोबर घरातला वरचष्मा. पहिले दोन प्रश्न बहुतेकांना सुचतात. तिसऱ्याचं उत्तर सापडेपर्यंत लिहायला बसू नका. माझ्याकडे येणाऱ्या कथा अडतात त्या इथंच: नायकाला काहीतरी हवं असतं, पण ते मिळवताना त्याचं काहीच जात नसतं.

मग एकेक दार बंद करा. वाचणारा हुशार असतो, तो लगेच विचारतो, शेजाऱ्याला का नाही दाखवत? कारण शेजाऱ्याशी बांधावरून वाद आहे. व्हॉट्सॲपवर फोटो काढून मुलाला का नाही पाठवत? कारण आक्कांचा फोन बटणांचा, फोटो निघेल तो महादेवीच्या फोनवर. सगळ्या वाटा फिरून त्याच उंबऱ्याशी येऊ लागल्या की समजा, बी रुजलं.

कागदात काय आहे हे आक्कांना ठाऊक नसलं तरी लेखकाला ठाऊक हवं. आपण ठरवू की शेजाऱ्यानं हद्दीच्या मोजणीसाठी अर्ज केलाय आणि लगतची शेतकरी म्हणून आक्कांना हजर राहायची नोटीस आली आहे. असं ठरवल्यावर घरी बसून कल्पना लढवू नका. ज्यांच्या शेताची मोजणी झाली आहे अशा एखाद्या शेतकऱ्याकडे जा आणि एक जुनी नोटीस हातात घेऊन बघा. कागद केवढा असतो, शिक्का कुठं असतो, साखळी कोण धरतं, चहा कोण आणतं, दगड रोवताना कोण गप्प बसतं, सगळं विचारून घ्या. या अर्ध्या दिवसानं कथेला जो खरेपणा येतो तो दहा उपमांनी येत नाही.

तिसरी पायरी: कुणाच्या डोळ्यांनी?

हीच कथा आक्कांच्या बाजूनं लिहिली तर एक होते, महादेवीच्या बाजूनं लिहिली तर साफ दुसरी.

आक्कांच्या बाजूनं लिहाल तर कागदावरची अक्षरं मुकी राहतील. त्या काय बघतील? कानडी अक्षरांना जिलेबीची उपमा सगळेच देतात, म्हणून ती टाका. आक्कांच्या स्वयंपाकघरात जा. मोड आलेल्या मटकीसारखी अक्षरं, गोल, प्रत्येकाला वर एक शेपूट. आता याच उपमेतून प्रसंग काढता येतो. आक्का मुलाला फोन करतात. तो म्हणतो, पहिलं अक्षर कसं आहे ते सांग बघू. आक्का कागद उजेडाला धरतात. “मोड आलेल्या मटकीगत.” “आणि दुसरं?” “तेबी तसंच.” मुलगा हसतो, आक्का फोन ठेवतात. तो हसला म्हणून त्या आता कुणालाच विचारणार नाहीत. वाचणाऱ्याला गंमत वाटते आणि पुढच्याच ओळीत वाईट वाटतं. उपमेनं इथं कथा एक पाऊल पुढं ढकलली. उपमेकडून मी एवढं काम मागतो.

महादेवीच्या बाजूनं लिहाल तर कोडं उलटं होतं. तिनं कागद आक्कांच्या नकळत वाचलेला आहे. तिला सगळं माहीत आहे, आणि ती विचारलं जाण्याची वाट बघते आहे. न विचारता सांगितलं तर आगाऊपणा ठरेल, गप्प राहिली तर मंगळवार निघून जाईल. तिच्या मनात बसून ही कथा फार वेगळी, कदाचित जास्त खोल होईल.

दोन्ही बाजूंनी एकेक पान लिहून बघा, मग निवडा. ज्या पानावर हात आपोआप चालला ते घ्यायचं, असं मी म्हणणार नाही. ज्या पानावर तुम्हाला नवं काही कळलं ते घ्या. मराठी घरातल्या लेखकाला आक्का सोप्या, महादेवी अवघड. अवघड वाट धरायची तर वही घेऊन तिच्या माहेरी जा, तिथल्या बायकांशी बोला. एकदा निवड झाली की कथाभर त्याच डोळ्यांत राहा. मध्येच दुसऱ्याच्या मनात उडी मारली की कथेचा ताण सैल पडतो.

चौथी पायरी: साल, पाऊस, ताट

कथेचं साल वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कथेत ते सांगायलाच हवं असं नाही, पण तुम्हाला ते पक्कं हवं. आपल्या भागात तर साल चुकलं की सगळंच चुकतं. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीची कथा असेल तर बेळगाव मुंबई राज्यात आहे. १९६५ सालचा नायक अर्ज करतो तो म्हैसूर सरकारकडे, कारण राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. म्हणून १९९० सालच्या कथेतल्या कचेरीच्या इंग्रजी पाटीवर ते दिसता कामा नये, आणि आजच्या कथेतली आजी मात्र खुशाल बेळगावच म्हणेल. १९४६ सालच्या बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्या मांडवात एखादं पात्र बसवायचं असेल तर त्याच्या खिशात तेव्हाची नाणी हवीत.

रोजच्या वापरातले शब्दही तपासा. पुण्याची पात्रं बारावी होतात, बेळगावची पी.यु.सी. करतात. कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या पिशवीत सातबारा असतो, आपल्याकडे पहाणीचा उतारा. तिथं गट नंबर, इथं सर्वे नंबर. आक्का नोटीस वाचून घ्यायला बेळगावला निघाल्या, आणि कथा ११ जून २०२३ नंतरची असली, तर शक्ती योजनेमुळं कर्नाटकच्या साध्या बसमध्ये त्यांना पैसे पडणार नाहीत. कंडक्टर तरीही तिकीट फाडून देईल, शून्य रुपयांचं. त्याच आक्का महाराष्ट्राच्या एसटीत बसल्या तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. ही माहिती म्हणून कथेत कोंबलीत तर ती वर्तमानपत्राची बातमी होईल. पण एका हातात शून्याचं तिकीट आणि दुसऱ्या हातात नोटीस, दोन्ही कानडी, आणि दोन्हींवरचे फक्त आकडे वाचणाऱ्या आक्का, असं लिहिलंत तर ती त्यांची होते.

ऋतू आणि पीक यांतून जागा उभी राहते. बेळगावच्या पश्चिमेला, खानापूरकडे, पाऊस मोठा, माती तांबडी, शेतात भात. पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे गेलात की काळी जमीन लागते आणि ज्वारी दिसू लागते. निपाणीत तंबाखू, चिकोडी-अथणीच्या बाजूला ऊस. म्हणजे तासा-दीड तासाच्या प्रवासात माती बदलते आणि तिच्याबरोबर ताट बदलतं. पारूआक्कांच्या घरी दोन्ही वेळेला भात. महादेवी लहानपणापासून ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली, तिला भात जेवून जेवल्यासारखं वाटत नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिनं माहेरून ज्वारीचं पीठ आणलं, आणि आक्कांना ते आपल्या घराचं उणं काढल्यासारखं वाटलं. आठ महिन्यांचा अबोला इथून सुरू झाला असं ठरवू या. बघा, भाषेवरून भांडण लावायची गरजच पडली नाही. जमिनीच्या रंगातून कारण मिळालं, आणि ते खरं वाटतं.

सणांचं भान ठेवा. वडगावची मंगाईची यात्रा आषाढात येते. बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ वैशाखात निघतात. श्रावणात कुणी कापणी करत असेल तर गावाकडचा वाचक तिथंच पुस्तक मिटतो.

पाचवी पायरी: पहिला प्रसंग

पहिला खर्डा बहुतेकांचा असा उतरतो:

‘पार्वतीबाई ही येळ्ळूर गावातील एक कष्टाळू स्त्री होती. तिचे जीवन अतिशय संघर्षमय होते. पतीच्या निधनानंतर तिने मोठ्या हिमतीने संसाराचा गाडा ओढला. परंतु नियतीच्या मनात काही वेगळेच होते.’

चार वाक्यांत पंचवीस वर्षं गेली आणि दिसलं काहीच नाही. अशी पार्वतीबाई कुठल्याही गावात बसवता येते. कागद हातात आल्या क्षणी कथा सुरू करा:

‘पोस्टमन वळणावर दिसेनासा झाला तरी आक्का उंबऱ्यातच होत्या. कागद त्यांनी उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मागं काही नव्हतं. पुढं मध्यावर आपला सर्वे नंबर होता, तो त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचला. आत महादेवी भांडी घासायची थांबली होती. आक्कांनी कागदाची घडी घातली आणि पदरात खोचली. भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.’

नवरा वारलाय, मुलगा गोव्यात आहे, हे सांगितलं नाही. पुढं कधीतरी येईल, गरज पडली तर. पण दोन बायका एकमेकींचा कानोसा घेत आहेत हे भांड्यांच्या आवाजातून कळलं. पहिल्या प्रसंगात एवढं झालं की वाचणारा दुसरं पान उलटतो.

सहावी पायरी: बोलणं

सीमाभागातली कथा संवादात उभी राहते किंवा संवादात पडते, म्हणून इथं जास्त वेळ घालवा.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं की बोलीत, हे आधी ठरवा. पहिल्या कथेसाठी माझा सल्ला असा: निवेदन साधं प्रमाण, बोलणं ज्याचं त्याचं. बोलीतलं निवेदन फार सुंदर होऊ शकतं, पण ते शेवटपर्यंत एकसारखं तोलणं अवघड जातं. बोलीही गावागावाची निराळी. बेळगावात “काय करूलालास?” ऐकू येतं, निपाणीकडे सरकलात की बोलणं कोल्हापूरच्या जवळ जातं. निपाणीच्या विडी कामगाराच्या तोंडी ‘करूलालास’ घातलंत तर त्या गावचा वाचक तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

कानडी बोलणाऱ्या पात्राचं मराठी कसं लिहायचं? नाटक-सिनेमांनी एक सवय लावून ठेवली आहे, कानडी माणूस आला की अडखळत्या मराठीवर हशा काढायचा. ती सवय मनापासून सोडा. ज्या माणसानं आपली भाषा शिकायचा कष्ट घेतलाय त्याच्यावर हसणारी कथा मला वाचवत नाही. त्याचं मराठी नेमकं कुठं अडतं ते समजून घ्या, त्याला कारण असतं. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. त्यामुळे तो दगड, ती वीट, ते घर हा आपला खेळ तिकडून आलेल्याला पाठ करावा लागतो. ‘पोस्टमननं सांगितलं’ यातला ‘नं’ही त्यांच्या वाक्यात नसतो. म्हणून महादेवी म्हणेल, “पोस्टमन सांगितला.” अशी जागा पानाला एखादी पुरे. दर वाक्यात चूक घातलीत की माणूस जाऊन नक्कल उरते.

अस्सल कानडी शब्द वापरायचे तर थोडे, आणि अर्थ प्रसंगातून कळेल असे. “बर्री” म्हणत कुणी पाट सरकवला की भाषांतर लागत नाही. “हौद्री” मधला ‘री’ हा आदर आहे, हे कुणी कुणाला तो लावतं आणि कधी गाळतं यावरून वाचणाऱ्याला कळू द्या. महादेवी सासूला माहेरच्या रीतीनं ‘अत्ती’ म्हणत असेल, आणि अबोला पडल्यापासून तो शब्द घरात उच्चारलाच गेला नसेल, तर तो शब्द जपून ठेवा. शेवटी उपयोगी येईल. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द आपल्याकडे कानडीतूनच आले असं भाषेचे अभ्यासक सांगतात. म्हणजे पारूआक्कांच्या नावातच कानडी बसलेली आहे. हे कथेत सांगू नका. तुम्हाला ठाऊक असलं की लिहिताना हात हलका राहतो.

आता दोन नमुने. पहिला:

“सूनबाई, भाषेमुळे आपल्यात दुरावा निर्माण झाला आहे. परंतु माणुसकीची भाषा एकच असते.”

असं कुणी कुणाला घरात बोलत नाही. हे लेखक वाचकाला बोलतो आहे. दुसरा:

“कागद आलंय,” महादेवी भिंतीकडं बघत म्हणाली. “पोस्टमन सांगितला मला.”
“आला आसंल.”
“मंगळवारचं हाय.”
आक्कांचा हात पदराकडं गेला. कागद तिथंच होता.

महादेवीनं तारीख सांगितली, म्हणजे तिनं कागद वाचलाय. तो पदरातून निघून कधी तिच्या हाती लागला? रात्री उशाशी ठेवला होता तेव्हा? आक्कांना राग यायला हवा, पण रागाबरोबर सुटल्यासारखंही वाटतंय. यातलं काहीही शब्दांत आलेलं नाही. संवाद लिहून झाला की असंच तपासा: पात्राच्या मनात आहे तेच तोंडात आलंय का? तसं असेल तर ओळ खोडा आणि त्याच्या हातांना काहीतरी करायला द्या.

सातवी पायरी: शेवट

आक्का-महादेवी गळ्यात पडून रडतात, हा शेवट पहिल्यांदा सुचतो. म्हणूनच तो टाका. मोजणीवाले येतात, बांध शेजाऱ्याच्या बाजूनं ठरतो, आक्का कोसळतात, हाही टाका, कारण कथा बांधाची नव्हती. आपण तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली होती, शेवट तिथंच शोधा.

सोमवारी रात्री आक्का घडी उलगडून कागद महादेवीपुढं ठेवतात. ती आधी सवयीनं कानडीतच मोठ्यानं वाचत जाते, आक्का अडवत नाहीत. मग ती मराठीत सांगते, अडखळत, मोजणी आहे, सकाळी हजर राहायचंय. आक्कांना सगळं कळतं. थोड्या वेळानं त्या म्हणतात, “परत वाच.” महादेवी विचारते, “कुठलं, अत्ती?”

इथं थांबावं असं मला वाटतं. तुम्हाला आणखी एक ओळ हवीशी वाटेल, आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं वगैरे. ती लिहा, दोन दिवस ठेवा, मग झाकून वाचून बघा.

आठवी पायरी: खर्डा धुणं

पहिला खर्डा झाल्यावर वही पंधरा दिवस बंद. मग मोठ्यानं वाचा. आपल्याकडे कथाकथनाची परंपरा आहे, तिचा फायदा घ्या: जिथं श्वास अडतो तिथं वाक्य लांबलंय, जिथं तुमचाच आवाज उगाच चढतो तिथं भाषण शिरलंय. ‘अतिशय’, ‘प्रचंड’, ‘नितांत’ खोडा. ‘काळजाचं पाणी झालं’, ‘पायाखालची जमीन सरकली’ ही दुसऱ्यांनी वापरून गुळगुळीत केलेली नाणी काढून टाका. पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचा. बहुतेक वेळा कथा तिथूनच सुरू होते.

दोन माणसांना वाचायला द्या. एक कथा वाचणारं आणि स्पष्ट बोलणारं. दुसरं घरात कानडी बोलणारं. त्याला मुद्दाम विचारा, महादेवी तुमच्या ओळखीची वाटते का? तो ‘नाही’ म्हणाला तर वाद घालू नका, कुठं वाटत नाही ते विचारा आणि घरी येऊन ती पानं पुन्हा लिहा. मी स्वतः एका कथेतल्या कानडी शेजारणीवर तीन महिने काम केलं, तेही एका मैत्रिणीनं शांतपणे “आमच्यात असं कुणी बोलत नाही” म्हटल्यावर. तिचे उपकार अजून आठवतात.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आपली गावं लहान. येळ्ळूरची सासू, बांधाचा वाद, गोव्यातला मुलगा एवढं लिहिलं की गल्लीत कुणाकडं तरी बोट जातं. खऱ्या घरातून बी उचललं असेल तर गाव बदला, धंदा बदला, मुलाच्या जागी मुलगी करा. दोन घरांचं मिळून एक करा. आतली नड तेवढी तशीच ठेवा. तुमच्या कथेमुळं कुणाला पाणवठ्यावर मान खाली घालावी लागू नये.

नववी पायरी: पाठवणं

पहिली कथा दोन-अडीच हजार शब्दांत बसवा. संमेलनातल्या कथाकथनाला ती वीस-पंचवीस मिनिटांत वाचून होते, आणि अंकांनाही हे माप सोयीचं पडतं. दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे कथा जून-जुलैपर्यंत हातावेगळी झालेली बरी. गणपतीनंतर पाठवलेली कथा चांगली असूनही मागं राहू शकते. युनिकोडमध्ये टाइप करा, ऱ्हस्व-दीर्घ एकदा कोशात बघून घ्या, आणि संपादकाला चार ओळींचं साधं पत्र लिहा. कथेचा आशय पत्रात समजावून सांगू नका. एका वेळी एकाच अंकाकडे पाठवा. मूळ प्रत स्वतःकडे ठेवा, आणि कुठल्या तारखेला कुठं पाठवली याची नोंद त्याच खिशातल्या वहीच्या मागच्या पानावर करा.

उत्तर यायला दोन-तीन महिने लागतात, कधी येतच नाही. तोवर त्याच वहीची पुढची पानं मोकळी आहेत. मंगळवारी सकाळी मोजणीच्या जागेवर आक्कांबरोबर महादेवी गेली का, आणि शेजाऱ्याशी ती कुठल्या भाषेत बोलली, हे तुम्ही अजून लिहिलेलं नाही.